म्हशाच्या पाड्यावरून विधानसभेपर्यंत

'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. पण एक सरकारी काम असे आहे, की त्यासाठी सारे खाते धावपळ करते. ते म्हणजे विधानसभेतील प्रश्नाचे उत्तर.

मुरबाड-शहापूरच्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांच्या योजना आणि शासकीय आश्रमशाळा शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आहेत. समजा, म्हशाकडच्या एखाद्या आश्रमशाळेत पाण्याचे हाल आहेत. आमदार तारांकित प्रश्न देतात. त्याचा साचा ठरलेला असतो: हे खरे आहे काय? असल्यास कोणती कार्यवाही केली? नसल्यास विलंबाची कारणे काय?

उत्तर मंत्री देतात, पण माहिती खालूनच येते. मंत्रालयातून विचारणा नाशिकच्या आयुक्तांकडे, तेथून ठाण्याच्या अपर आयुक्तांकडे, मग शहापूरला आणि शेवटी शाळेच्या मुख्याध्यापकांपर्यंत उतरते. त्याच पायऱ्यांनी माहिती वर चढते. वेळ थोडा असतो. प्रत्येक जण आपले दप्तर चाळतो. तेथे गावाचा एकही कागद नसेल, तर 'हे खरे नाही' असे लिहिणे सोपे जाते. मग पुढच्या प्रश्नांना 'प्रश्न उद्भवत नाही' एवढे उत्तर पुरते!

उलट तारखेचा अर्ज दप्तरी असेल, तर निदान 'हे अंशतः खरे आहे' असे तरी म्हणावे लागते. त्यावर इतर आमदार उपप्रश्न विचारतात. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिले, तर ते पाळले की नाही हे विधिमंडळाची आश्वासन समिती पाहते. अनुसूचित जमाती कल्याण समितीही जिल्ह्यांचे दौरे करते.

तेव्हा बंधुभगिनींनो, तोंडी तक्रारीवर थांबू नका. ग्रामसभेत ठराव करा. अर्जाच्या दोन प्रती करा. एक कार्यालयात द्या, दुसरीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. तिची नक्कल आमदारांना द्या. उत्तर न आल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अर्जाचे काय झाले ते विचारा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना तेही माफ. माहिती ३० दिवसांत मिळाली पाहिजे.

पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत गावोगावची माणसे भेटतातच. बैलांच्या भावाबरोबर कोणत्या पाड्याच्या अर्जाचे काय झाले, हेही एकमेकांना विचारीत जा.