बाजाराचा दिवस : शाहपूर आणि बुऱ्हाणपूर

बुऱ्हाणपूरला जाऊन आलेल्या मंडळींना तेथे काय पाहिले असे विचारावे, तर असीरगड, शाही किल्ला, जामा मशीद व कुंडी भंडारा ही नावे ठरलेल्या क्रमाने ऐकावयास मिळतात. ही स्थळे पाहण्याजोगी आहेत यात शंका नाही. परंतु व्यापारी कुटुंबाने परगाव पाहावयाचे ते त्या गावच्या बाजारातून पाहावे, आणि त्यातही बारमाही पेठेच्या आधी आठवडी बाजारातून पाहावे, असे आमचे मत आहे. पेठेत गावची ऐपत दिसते. आठवडी बाजारात भोवतालच्या शिवाराची प्रकृती कळते. सभासद बंधु-भगिनींपैकी जे सुटीत सहकुटुंब त्या बाजूस जातील त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून बुऱ्हाणपूर शहर, आणि त्याच्या दक्षिणेस तापी ओलांडून इच्छापूरकडे जाताना लागणारे शाहपूर, या दोन ठिकाणच्या खाद्यबाजाराविषयी चार गोष्टी येथे सांगण्याचे योजिले आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे जिल्हे जुन्या मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेले. निमाड मात्र मध्यप्रदेशातच राहिला. पुढे १५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाडातून बुऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्याची सीमा अशी आखली गेली तरी बोलीने आणि चुलीने ती फारशी मानली नाही. शाहपुरात कचेरीची पाटी हिंदीत असते आणि बाजारातील घासाघीस मराठीत चालते. खानदेशातील पाहुण्यास येथे परके वाटण्याचे काही कारण नाही.

बुऱ्हाणपूर वसले ते चौदाव्या शतकाच्या अखेरीस. फारुकी घराण्यातील नासीरखानाने ते वसविले व सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्यास दिले. उत्तरेकडून दक्षिणेत उतरणारा रस्ता असीरगडाच्या पायथ्याने येऊन येथे तापीस मिळतो, आणि सुरतेहून आग्र्यास जाणारे तांडेही याच गावावरून जात. सन १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला व ही जागा मोगलांच्या दक्षिण सुभ्याचे ठाणे बनली. इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये येथे येऊन गेला. फ्रेंच जवाहिऱ्या तावर्निये १६४१ व १६५८ अशा दोन वेळा आला, आणि येथील तलम व जरीचे कापड इराण, तुर्कस्थान, अरबस्तान, कैरो, इतकेच काय पण रशिया व पोलंडपर्यंत जाते असे त्याने लिहून ठेवले. कापडाची ही कीर्ती एवढी मोठी होती की, त्या कापडाचे विणकर काय खात होते आणि ते कोठून येत होते, हे विचारण्याचे पुष्कळ इतिहासकारांना सुचलेच नाही.

हा प्रश्न किती मोलाचा आहे ते १६३० साली दिसून आले. त्या वर्षी गुजरात व दख्खन या दोन्ही प्रांतांत पावसाने दगा दिला. शाहजहान दक्षिणेच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात मुक्काम करून होता. पुढील वर्षी मुमताजमहल हिचा अंतही येथेच झाला. त्या हिवाळ्यात पीटर मंडी नावाचा इंग्रज सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास गेला. (नावातच मंडी असलेल्या माणसाने बाजाराची नोंद बारकाईने करावी यात नवल नाही.) वाटेवर ओसाड गावे आणि रस्त्याकडेला पडलेली प्रेते त्याने पाहिली, बादशाही छावणीत मात्र हरएक जिन्नस भरपूर होता. दोन्ही गोष्टी एकाच मुलखातल्या व एकाच काळातल्या! फौजेपाशी रोकड होती, म्हणून धान्याचे बैल तिकडे वळले. खेड्याच्या बाजारी रोकड नव्हती, तिकडे कोण जाणार? दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी सांगतो की, बुऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथे अन्नछत्रे उघडली गेली, आणि बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस आठवडे, म्हणजे एकूण एक लाख रुपये, गरिबांस वाटले गेले. दान थोर खरे. परंतु उजाड झालेला हाट नाणी वाटल्याने भरत नाही. शहरातील पेठ भरलेली आहे एवढ्यावरून मुलूख सुखी आहे असा निष्कर्ष काढू नये, हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल त्याने बुऱ्हाणपूरची ती दोन वर्षे आठवावीत, आणि मग शाहपूरसारख्या गावच्या बाजारात शिरावे.

आठवडी बाजाराची घडण वरवर विस्कळीत दिसते, पण तिला शिस्त असते. पंचक्रोशीतील गावांनी वार आपसांत वाटून घेतलेले असतात. फिरता विक्रेता आज एका गावी, उद्या दुसऱ्या गावी, असे वर्तुळ पुरे करून आठव्या दिवशी पुन्हा त्याच जागी बसतो. पूर्वी हे वर्तुळ बैलगाडीने होई, आता टेंपोने होते. जागेचे भाडे म्हणजे बाजार-बैठक, पावती फाडून वसूल होते. भाजीवाल्यांची रांग, कडधान्याची पोती, लाल मिरचीचे ढीग, तयार कपडे, भांडी, दोरखंड, विळे-कोयते, कुंभाराची मडकी, असे ज्याचे त्याचे ठिकाण ठरलेले असते. पुरणाचे मांडे भाजण्याचे खापर पाहावयाचे असेल तर कुंभारापाशीच थांबावे. पालथे घालून चुलीवर ठेवलेल्या या मातीच्या भांड्यावर हातभर रुंदीची पुरणपोळी पडते, आणि ती विद्या खानदेशातील सुगरणींनी अद्याप राखली आहे. सातपुड्यातील कोरकू, भिल्ल, बारेला मंडळी जिल्ह्याच्या डोंगरकडील बाजारांत चारोळी, डिंक, मोह असा रानमेवा आणतात. झाबुआ, अलीराजपूर, बडवानी व खरगोन या बाजूस होळीच्या आधीच्या आठवड्यातील हाटांना भगोरिया म्हणतात. त्या दिवशी खरेदीपेक्षा ढोल व मांदळ यांचाच आवाज मोठा असतो.

भाव पाहावयाचा तर घड्याळाकडे लक्ष ठेवावे. सकाळी माल ताजा आणि भाव चढा. भवानीच्या वेळी घासाघीस करू नये, हा शिष्टाचार पाहुण्यानेही पाळावा. दुपार उतरल्यावर खेड्यांतून आलेले गिऱ्हाईक परतीच्या तयारीस लागते व भाव ठरून जातो. दिवेलागणीस मात्र पालेभाजीचा तराजू बाजूला पडतो आणि वाटे लावले जातात, कारण मेथी-पालक उद्यापर्यंत टिकणार नाही आणि परत नेण्याचे भाडे अंगावर पडेल. नवख्यास हा मालाचा अपमान वाटतो. वस्तुतः भाड्याचा आणि नाशाचा हिशेब मनातल्या मनात करून लावलेला तो चोख भाव असतो. शिवार कसे आहे हे जाणण्यासाठी आम्ही दोन खुणा पाहतो. तेल बाटलीने मागितले जाते की दहा-वीस रुपयांचे, ही एक. आणि भांड्यांच्या दुकानापुढे किती माणसे बसून वस्तू वाजवून पाहत आहेत, ही दुसरी. पीक हाती आले असले म्हणजे माणूस पितळेवर टिचकी मारतो.

वजनमापांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, आणि ४० शेरांचा मण म्हणजे ३७ किलोंहून थोडा अधिक. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली व १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने रूढ झाली. आता विजेरी काटे व मोबाइलने पैसे देण्याचे फलक भाजीच्या टोपलीपाशीही दिसतात. साधने बदलली, जबाबदारी मात्र तीच राहिली. श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिक मानोन्मान म्हणजे कमीजास्त माप, आणि प्रतिरूपक व्यवहार म्हणजे भेसळ, हे दोन सरळ सरळ बाजारातले आहेत. दूरच्या एका गावाची या संदर्भात आठवण होते. खाजणातील बेटांवर वसलेल्या व्हेनिस शहरात रियाल्तो नावाचा बाजार शतकानुशतके भरत आहे. तेथील सान जाकोमो या चर्चच्या भिंतीवर कोरून ठेवले आहे की, या देवळाच्या आसपास व्यापाऱ्यांचा न्याय समान असावा, वजने खोटी नसावीत आणि करार वाकडे नसावेत. भाषा लॅटिन, पण आपल्या आजोबांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले असते तरी शोभले असते.

आता केळ्याचे पाहा. तापीकाठचा हा पट्टा केळीच्या बागांनी भरलेला आहे. ‘एक जिल्हा एक उत्पादन’ या योजनेत बुऱ्हाणपूरसाठी केळेच निवडले गेले, आणि सीमेपलीकडील जळगावच्या केळ्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. असे असूनही आठवडी बाजारात केळ्याचा थाट फारसा दिसत नाही. लावणीपासून साधारण वर्षभराने घड हिरवाच कापला जातो, लिलावात व्यापाऱ्याकडे जातो, ट्रकमध्ये भरला जातो आणि उत्तरेकडील शहरांत पोहोचल्यावर पिकवणघरात पिकतो. म्हणजे जिल्ह्याचे मुख्य पीक जिल्ह्याच्या हाटाला वळसा घालून जाते. तेथे येतात ते सुटे राहिलेले फणे. उत्तरेकडे मागणी मंदावली की बागवानाचा भाव एका दिवसात पडतो, आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी कापडवाल्याचे पाल रिकामे राहते. दोहोंचा संबंध ज्यास दिसत नाही त्याने व्यापाराचे अर्धेच शास्त्र शिकले म्हणावे. आपल्या भगिनींसाठी एक सूचना: बटाटा वर्ज्य असलेल्या घरांना कच्चे केळे हा मोठाच आधार आहे. भाजी, वडे, काप सर्व काही त्याचे होते, आणि बागेजवळ घेतलेले केळे शहरातील केळ्याहून निराळे लागते. त्याच बाजारात भरिताची लांबट हिरवी वांगीही रचलेली असतील. बहुबीज म्हणून ज्यांच्या घरी ती चालत नाहीत त्यांनी ती नुसती पाहावीत. पाहण्यास कोणताच अतिचार लागत नाही.

येथे एक अप्रिय विषय काढल्यावाचून राहवत नाही. गावोगावचे आमचेच काही व्यापारी बंधू आठवडी बाजाराविषयी नाखूष असतात. रस्ता अडतो, दुकानापुढे घाण होते, फिरता विक्रेता भाडे-वीज न भरता स्वस्त विकतो, यास्तव बाजार गावाबाहेर हलवावा, असे अर्ज दिले जातात. घाणीची तक्रार रास्त आहे, व ती बाजार-बैठक वसूल करणाऱ्या संस्थेनेच निवारली पाहिजे. परंतु बाजार हलविण्याच्या मागणीत आम्हास मोठा धोका दिसतो. हाटातील व्यवहार बहुतेक रोखीचा असतो आणि दुकानातील पुष्कळसा उधारीचा. भाजी विकून उठलेली बाई त्याच संध्याकाळी दुकानात येऊन मागील बाकी फेडते व साखर-चहा नेते. बाजार दोन मैल दूर गेला म्हणजे ती रक्कम तिकडेच खर्च होईल, आणि खतावणीतील येणे तसेच राहील. अर्जावर सही करण्यापूर्वी आपल्या रोजकीर्दीतील बाजाराच्या दिवसाची जमा निराळी काढून पाहावी.

शाहपूर पाहून झाल्यावर शहरात परतावे ते दिवस मावळण्यापूर्वी, कारण गोड पदार्थ तेथे आहेत. बुऱ्हाणपूरच्या मावा जलेबीचे नाव मुंबईच्या महंमद अली रस्त्यापर्यंत पोहोचले असून रमजानात तेथे तिची मोठी विक्री होते. नेहमीच्या जलेबीचे पीठ आंबवावे लागते. हिचा मुख्य घटक मावा असल्याने ती जाड, काळसर व मऊ असते. आंबवलेले न खाणाऱ्यांनी हलवायास एकवार विचारून घ्यावे, आणि मावा आजचा आहे ना हेही विचारावे. दुसरा पदार्थ दराबा. रवा, साखर व तूप हलके होईपर्यंत फेटून तो करतात. जिभेवर ठेवताच विरतो. साहित्य तीनच, मेहनत मात्र हाताची, आणि म्हणूनच घरी तो क्वचित साधतो. यांच्या सोबतीस पाणी प्यावयाचे ते गाळून घ्यावे. सातपुड्यातील झरे जमिनीखालील बोगद्याने शहरात आणणारी कुंडी भंडाऱ्याची योजना १६१५ च्या सुमाराची असून २०२४ साली तिचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य वारसा-यादीत झाला आहे. दराबा डब्यात बांधून घेतल्यास परतीच्या प्रवासात टिकतो. मावा जलेबी मात्र तेथेच बसून, गरम असतानाच संपवावी.