हायबरनेट आलं म्हणून एसक्यूएल सुटत नाही

“हायबरनेट आहे ना, मग एसक्यूएल कशाला शिकायचं?” कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट सुरू झाले, की हे ऐकू येतंच. प्रश्न कसला, निकालच तो! काही क्लासवाले तर हेच सांगून फी घेतात.

हायबरनेट एसक्यूएल टाळत नाही, तुमच्या वतीनं लिहितं. खाली जेडीबीसीच असतं. शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत दुकानाचं सॉफ्टवेअर करताय असं धरा. २०० शेतकरी, त्यांच्या पट्ट्या वेगळ्या टेबलात. शेतकऱ्यांची यादी आणायला एक क्वेरी गेली. मग लूपमध्ये एकेकाच्या पट्ट्या मागितल्या, की मूळ सेटिंगवर हायबरनेट प्रत्येकासाठी निराळी क्वेरी पाठवतं. झाल्या २०१. कोड मात्र चार ओळींचा, देखणा! लॅपटॉपवर पाच शेतकऱ्यांचा नमुना घेऊन तपासलं तर काही जाणवत नाही. सौद्याच्या गर्दीत स्क्रीन अडते आणि खापर जावावर फुटतं. ‘जॉइन फेच’ लिहिलं तर हेच काम एका क्वेरीत होतं. पण जॉइनच ठाऊक नसेल, तर ते सुचायचं कसं? पटत नसेल तर शो-एसक्यूएल चालू करा आणि कन्सोलवरचे सिलेक्ट मोजा. गॅव्हिन किंग यांनी २००१ मध्ये हायबरनेट सुरू केलं, ते एसक्यूएल लपवायला नव्हे. त्याच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही एसक्यूएलचं ज्ञान पूर्वीइतकंच कामाचं असल्याचं म्हटलं आहे.

बाकीचे गैरसमज किरकोळ, पण महागात पडणारे. फ्रेमवर्क वापरलं की एसक्यूएल इंजेक्शन होत नाही म्हणे. पॅरामीटर वापरले तर. स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडून क्वेरी केली, तर जेपीक्यूएलमध्येही भगदाड पडतं. ‘ट्रान्झॅक्शनल’ लावलं की कुठल्याही चुकीवर सगळं मागे फिरतं, हेही खोटं. स्प्रिंग मुळात फक्त अनचेक्ड एक्सेप्शन आणि एररवर रोलबॅक करतं. मेथडमधून आयओ-एक्सेप्शन बाहेर पडलं, तर अर्धवट नोंद खुशाल कमिट होते. त्यासाठी ‘रोलबॅक-फॉर’ सांगावं लागतं. आणि कनेक्शन वाढवली की वेग वाढतो? स्प्रिंग बूटसोबत येणाऱ्या हिकारीसीपीचा कमाल आकडा मुळात १० आहे, आणि त्याचे कर्तेही पूल लहानच ठेवा म्हणतात.

क्लासची फी भरण्याआधी एवढं विचारा: जॉइन आणि इंडेक्स किती दिवस शिकवणार?