चैत्रपालवी आणि घोड्याची ओळख

फाल्गुन सरत आला की पुण्यातल्या वस्त्यांमधला पिंपळ जुनी पाने टाकतो आणि तांबूस, कोवळ्या पानांनी लवलवू लागतो. आपण मात्र जयंतीच्या तयारीत असतो. विहार रंगवतो, निळे तोरण बांधतो. डोक्यावरची ही पालवी मुलांना दाखवायची राहून जाते.

याच दिवसांत घोडाही जुने अंग टाकतो. दिवस मोठा होऊ लागला की त्याचे थंडीतले दाट केस गळतात. मोतद्दार खरारा फिरवतो तेव्हा केसांचे पुंजके खाली पडतात आणि आतली तुकतुकीत कांती दिसते.

आपल्या भागाचा स्वतःचा घोडा आहे, भीमथडी. थडी म्हणजे काठ; भीमेच्या काठचा तो भीमथडी. मराठ्यांच्या फौजेत तो होता. आज मेंढपाळ धनगरांचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन तो माळ तुडवतो. 2024 साली त्याला देशातली स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. ही जात बांध्याची आणि चालीची. पाठीवर कोण बसला, हे घोडा विचारत नाही. विचारतो तो माणूस. आजही काही गावांत आपला नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वरात अडवली जाते.

1929 साली चाळीसगावला बाबासाहेबांना न्यायला टांगा आला, पण अस्पृश्य प्रवाशाला घेऊन जायला टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि सवय नसलेला आपलाच एक माणूस हाकायला बसला. पुलावर चाक अडकले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. घोडा व टांगा नदीत पडले. दोष घोड्याचा नव्हता, आपल्या माणसाचाही नव्हता. भेदभावाने घात केला. पण लगाम हाती धरायचा तर शिकावे लागते, हेही त्यातून दिसले.

म्हणून मुलांना लहानपणीच घोड्याची ओळख करून द्या. जवळपास कोणी वरातीचे घोडे पाळत असेल, तर मालकाला विचारून एका सकाळी त्यांना घेऊन जा. घोड्याचे डोळे दोन बाजूंना असतात. नाकासमोरचे आणि शेपटीमागचे त्याला दिसत नाही. मागून कधीही जाऊ नये. हळू बोलत, खांद्याच्या बाजूने जावे. कान मागे चिकटवले असतील तर तो रागात आहे, थांबावे. मालक हो म्हणाला तर गाजराचा तुकडा उघड्या तळहातावर धरावा, बोटांत नव्हे. शेवटी मानेवर हात फिरवावा.

परतताना मुलांना कंथकाची गोष्ट सांगा. सिद्धार्थ गौतमाने घर सोडले तेव्हा सोबत छन्न होता आणि कंथक घोडा. राजपुत्र पुढे गेला. कंथक जड पावलांनी माघारी आला.

गोष्ट पिंपळाखाली सांगितली, तर नवी पानेही आपोआप पाहून होतील.