तुरा पोकळ की भरीव?

पॅरासॉरोलोफस या बदकासारख्या चोचीच्या डायनासोरचा तुरा कशासाठी होता, असे सगळेच विचारतात. पाण्याखालून श्वास घेण्यासाठी, ही जुनी कल्पना तर तुऱ्याच्या टोकाला भोकच नाही एवढ्यावरच निकालात निघते. आवाज घुमवण्यासाठी, हे जास्त पटते. पण या प्राण्याचे गणगोत शोधायचे, तर तुरा कोणत्या हाडांचा आहे हे पाहावे लागते. कॅनडात अल्बर्टामध्ये रेड डीअर नदीकाठी १९२० साली सापडलेल्या सांगाड्याला विल्यम पार्क्स यांनी १९२२ मध्ये नाव दिले, ते सॉरोलोफस या दुसऱ्या बदकचोच्या डायनासोरशी साम्य पाहून. दोघांच्याही डोक्यावर मागे झुकलेला दांडा, त्यामुळे गल्लत होणे साहजिकच. सॉरोलोफसचा दांडा मात्र भरीव आणि मुख्यतः नाकाच्या हाडांचा. पॅरासॉरोलोफसच्या तुऱ्यात नळ्या आहेत: नाकपुडीतून निघून त्या टोकापर्यंत जातात, वळतात आणि पुन्हा खाली येतात. त्याच्या नाकपुडीला वरच्या जबड्याच्या सर्वांत पुढच्या हाडाने चहूबाजूंनी वेढले आहे. सॉरोलोफसच्या नाकपुडीच्या काठाला नाकाचे हाडही लागते. पॅरासॉरोलोफससारखी रचना कोरिथोसॉरस आणि लँबियोसॉरस या डायनासोरांमध्ये आढळते, त्यांचे तुरे दिसायला कितीही निराळे असले तरी. म्हणून त्याचे जवळचे गणगोत हेच, सॉरोलोफस नव्हे.

दांडा दोनदा स्वतंत्रपणे उगवू शकतो, तर पोकळ तुरा का नाही, असे कोणी म्हणेल. नुसती पोकळी असती तर ही शंका मान्य करावी लागली असती. पण नाकपुडीभोवतीचे हाड आणि तुऱ्यात चढलेला श्वासमार्ग यांची जोडी दोनदा जुळून येणे अवघड. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तुरा वयानुसार बदलतो. पीटर डॉडसन यांनी १९७५ मध्ये अशा पोकळ तुऱ्याच्या डायनासोरांच्या कवट्यांची मापे घेऊन दाखवले, की वेगळ्या मानलेल्या कित्येक जाती म्हणजे पिल्ले किंवा माद्याच होत्या. मात्र हा दाखला बाह्य आकारावर विसंबण्याविरुद्धचा आहे, हाडांच्या रचनेविरुद्धचा नाही. युटामध्ये सापडलेले, २०१३ मध्ये वर्णन झालेले पॅरासॉरोलोफसचे पिल्लू वर्षाचेही नव्हते. त्याचा तुरा म्हणजे केवळ एक फुगवटा, तरीही हाडांवरून त्याचे कूळ ओळखता आले. पॅरासॉरोलोफसची आखूड, वळलेल्या तुऱ्याची न्यू मेक्सिकोतली जातही दुसऱ्या जातीची मादी असावी, असा काहींचा कयास होता. २०२१ मध्ये तिच्या नव्या कवटीचे वर्णन आले आणि नात्यांची मांडणी बदलली: न्यू मेक्सिकोतल्याच लांब तुऱ्याच्या जातीशी तिचे नाते सख्खे, आणि अल्बर्टातली लांब तुऱ्याची जात दोघींची चुलत.