पेपर विकणाऱ्या पोराचे मुख्यमंत्रिपद

परवा मुंबईत विक्रोळीला भाच्याकडे गेलो होतो. पत्ता कन्नमवारनगरचा. रिक्षावाल्याला सहज विचारले, "कन्नमवार म्हणजे कोण रे?" "कुणी बिल्डर असेल, काका," तो म्हणाला. मी चंद्रपूरकडचा माणूस. काही बोललो नाही, पण ते उत्तर घशाशी अडकून राहिले.

मारोतराव कन्नमवार, म्हणजे आमचे दादासाहेब. जन्म १९०० सालचा, मूलजवळच्या मारोड्याचा. आडनावातले 'वार' तेलंगणाच्या शेजारातून आलेले. आमच्याकडे अशी आडनावे गल्लोगल्ली सापडतात. घरची गरिबी. त्यांनी चांद्यात वर्तमानपत्रे विकली, मग काँग्रेसचे काम धरले, तुरुंगात गेले. तेव्हाचा चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि १९८२ साली वेगळे झालेले गडचिरोली मिळून. पार सिरोंचापर्यंत जंगलच जंगल. अशा मुलखात पुढारी भाषणावर मोठा होत नाही, पायपिटीवर होतो. कॉलेजची पदवी नसलेला हा माणूस मंत्री झाला, आरोग्य खाते सांभाळू लागला.

आणि मग १९६२ उजाडले. चीनने आक्रमण केले. यशवंतराव चव्हाणांना नेहरूंनी संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावून घेतले. मागे खुर्ची कुणाची? आक्रमणाला बरोबर महिना झाला त्या दिवशी, २० नोव्हेंबरला, शपथ घेतली ती कन्नमवारांनी. विदर्भ नाखुशीने महाराष्ट्रात आलेला होता. त्याचे समाधान करण्याचा हिशेबही त्यामागे असावा, असे मला वाटते. मुंबईच्या शहाण्यांना मात्र हा गावरान मुख्यमंत्री पचला नाही. आचार्य अत्र्यांच्या 'मराठा'ने तर त्यांना सोलूनच काढले. अत्र्यांवर माझा जीव आहे. तरीही ही थट्टा मला आजही खुपते.

राज्य मिळाले ते एक वर्ष आणि चार दिवस. तेही युद्धनिधीचे, टंचाईचे वर्ष. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी ते पदावर असतानाच गेले. एवढ्या काळात माणूस काय उभे करणार? भद्रावतीचा दारूगोळ्याचा कारखाना त्या युद्धानंतरचाच. कागदोपत्री तो केंद्राचा, पण आमच्याकडची म्हातारी माणसे त्याचे श्रेय दादासाहेबांना देतात, आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पुढच्या वर्षी, १९६४च्या पोटनिवडणुकीत, चांद्याने त्यांच्या पत्नी ताई कन्नमवार यांना लोकसभेत पाठवले.

आता माझेही सांगून टाकतो, कारण रिक्षावाल्याला हसण्याचा मला तसा अधिकार नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी मूलला बँकेत होतो. एक पोरगा आला. घरोघर पेपर टाकायचा. सायकलसाठी कर्ज हवे होते. जामीनदार नाही, शेती नाही, बापाचा पत्ता नाही. मी अर्जावर शेरा मारला : 'परतफेडीची क्षमता दिसत नाही.' शेरा अगदी नियमाला धरून होता.

आमचा म्हातारा शिपाई तो कागद घेऊन जाता जाता दारात थांबला. म्हणाला, "सायेब, तुमी त दादासायबालेबी सायकल देली नसती."

मी हसलो. अर्ज परत गेला तो गेलाच.