स्त्रियांचा संकोच आणि कर्करोगाची तपासणी

भारतातील स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाच्या कर्करोगाचा क्रम आज पहिला लागतो. हा रोग लवकर ध्यानात आल्यास बरा होण्याचा पुष्कळ संभव असतो. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी स्तनतपासणी करून घेतलेल्या स्त्रिया शेकडा ०.९, म्हणजे हजारात नऊच आढळल्या.

असे का व्हावे? आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ सालीच प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले व त्यातून मुलींना वगळले नाही. परंतु अक्षरओळखीने संकोच आपोआप जात नाही. आरंभी ही गाठ बहुधा दुखत नाही. आणि जे दुखत नाही, ते सांगायचे कसे व कोणास? सासूबाईंना सांगावे तर लाज, यजमानांना सांगावे तर खर्चाची चिंता, आणि डॉक्टर पुरुष असले तर पाऊलच उचलत नाही. घरात उपवर मुलगी असेल, तर रोगाचे नावही बाहेर फुटू नये अशी खबरदारी घेतली जाते. धुण्याभांड्यास जाणाऱ्या बाईचा तर दवाखान्यात गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नव्हे. अमेरिकेतील लॅटिन अमेरिकी वंशाच्या स्त्रियांत हा रोग गोऱ्या स्त्रियांहून कमी आढळतो. पण आढळतो तो अधिक वेळा उशिरा. तेथेही परकी भाषा, विम्याचा अभाव, लज्जा आणि संसाराचा भार हीच कारणे सांगितली जातात.

यावर उपाय आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक दीर्घ प्रयोग केला. त्यांतील निम्म्या वस्त्यांत, खास शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्त्रियांची हातानेच तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोग आधीच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू शेकडा सुमारे तीसने घटले. सर्व वयांचा एकत्र हिशेब केला असता मात्र फरक इतका ठाम ठरला नाही. या कामी मोठी यंत्रे लागली नाहीत. लागला तो एका शिकवलेल्या स्त्रीचा हात.

सरकारच्या २०१६ च्या योजनेप्रमाणे तीस ते पासष्ट वर्षांच्या प्रत्येक स्त्रीची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हावयास हवी. गाठ आढळली म्हणजे कर्करोगच झाला असेही नाही. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. पण तो निर्णय डॉक्टरांनी द्यावयाचा, शेजारणीने नव्हे.

म्हणून घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना एक विनंती. हळदीकुंकवाला जमाल, तेव्हा हा विषय तुम्हीच काढा. सासूबाई स्वतः तपासून आल्या, तर सुनेला विचारण्याचा धीर होईल. आणि पुरुषांनी एवढेच करावे : त्या दिवशीचा स्वयंपाक व मुले सांभाळावी, आणि हवे तर दवाखान्यापर्यंत सोबत जावे.