हिरवळीवरील फवारणी आणि नगरपालिकेचा अधिकार

कीडनाशकांचा विषय निघाला की डोळ्यांपुढे शेत उभे राहते. शहरातील बागा, क्रीडांगणे आणि बंगल्यांसमोरील हिरवळ यांवर फवारले जाणारे रसायन सहसा कोणाच्या हिशेबात नसते. वास्तविक शहरात ते पाण्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग अधिक सोपा असतो. शेतातील पाणी बऱ्याच अंशी जमिनीत मुरते. शहरातील पाणी फरशी आणि डांबरावरून वाहत पावसाळी गटारात जाते आणि तेथून बहुधा कोणत्याही शुद्धीकरणाविना ओढ्याला मिळते. या फवारणीला आवर घालण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचा निवाडा कॅनडात एका छोट्या गावामुळे झाला.

क्यूबेक प्रांतात मॉन्ट्रियलच्या पश्चिमेला हडसन नावाचे जेमतेम पाच हजार वस्तीचे गाव आहे. तेथील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. जून अर्विन यांनी १९८५ पासून नगर परिषदेच्या सभांना हजर राहून हिरवळीवरील रसायनांविरुद्ध प्रश्न विचारण्याचा सपाटा लावला होता. अखेर १९९१ मध्ये परिषदेने २७० क्रमांकाचा पोटनियम संमत केला. केवळ शोभेसाठी होणारी फवारणी त्याने बंद केली. पोहण्याचे तलाव, पाण्याचे शुद्धीकरण, घरांतील वापर यांना मुभा राहिली. गोल्फच्या मैदानांना पाच वर्षांची सवलत मिळाली. शेतकऱ्यांवर बंदी नव्हती. कोणती रसायने साठवली आहेत व वापरणार आहोत, याची लेखी नोंद त्यांनी दरवर्षी मार्चमध्ये गावाकडे करायची होती. पोटनियम कडक होता, पण आततायी नव्हता, हे यावरून दिसते.

१९९२ मध्ये हिरवळीची निगा राखणाऱ्या स्प्रेटेक व केमलॉन या दोन कंपन्यांवर या पोटनियमाच्या भंगाचा ठपका आला आणि त्यांनी न्यायालयात धाव घेतली. त्यांचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड होता. रसायनाला केंद्र सरकारची नोंदणी आहे, व्यवसायाला प्रांताचा परवाना आहे. मग मध्येच गावाने आडकाठी घालावी ती कोणत्या अधिकारात? क्यूबेकच्या दोन्ही न्यायालयांनी गावाची बाजू उचलून धरली. २८ जून २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सातही न्यायमूर्तींनी तोच निर्णय कायम केला. एखादे रसायन विकण्यास केंद्राची परवानगी असणे म्हणजे ते प्रत्येक ठिकाणी फवारण्याची सक्ती नव्हे. केंद्राचा, प्रांताचा आणि गावाचा असे तिन्ही नियम एकाच वेळी पाळता येत असतील, तर त्यांत विरोध नाही, असे न्यायालयाने ठरवले. गावाला आधार मिळाला तो नागरिकांच्या आरोग्यासाठी व सर्वसाधारण हितासाठी नियम करण्याच्या त्याच्या जुन्या अधिकाराचा.

भारतीय वाचकाला या निकालपत्रात एक ओळखीची खूण सापडते. न्या. क्लेअर लरू-दुबे यांनी पूर्वदक्षतेच्या तत्त्वाचा दाखला देताना आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या वेल्लोर खटल्याचा उल्लेख केला आहे. तमिळनाडूतील चामड्याच्या कारखान्यांनी नासवलेल्या पाण्याचा तो खटला. हानीचा पूर्ण वैज्ञानिक पुरावा हाती येईपर्यंत उपाय लांबणीवर टाकू नयेत, हे तत्त्व तेथे मान्य झाले होते. परदेशी निकालांचे दाखले आपण नेहमी देतो. येथे प्रवाह उलटा वाहिला.

निकालानंतर कॅनडातील गावोगावी असे पोटनियम झाले. टोरांटोचा पोटनियम २००४ मध्ये लागू झाला. क्यूबेकने २००३ मध्ये संपूर्ण प्रांतासाठी संहिता आणली, तर ऑन्टारियोचा कायदा २२ एप्रिल २००९ पासून अमलात आला. गंमत अशी की, या प्रांतिक कायद्याने तेथील नगरपालिकांचे याच विषयावरील पोटनियम निष्प्रभ झाले. बंदीच्या आधी व नंतर ऑन्टारियोतील नागरी ओढ्यांचे पाणी तपासले असता टू-फोर-डी, डायकॅम्बा व मेकोप्रॉप या तणनाशकांचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे आढळले.

विरोध मात्र संपला नव्हता. टू-फोर-डीवरील बंदीमुळे आपले नुकसान झाल्याचे सांगत डाऊ अ‍ॅग्रोसायन्सेसने तत्कालीन उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराखाली कॅनडाविरुद्ध दावा लावला. २०११ मध्ये तो तडजोडीने मिटला. बंदी राहिली, भरपाई मिळाली नाही. परंतु सूचनेबरहुकूम वापरल्यास ही उत्पादने अस्वीकारार्ह धोका निर्माण करत नाहीत, हे क्यूबेकला मान्य करावे लागले.

या साऱ्याची मर्यादाही उघड आहे. गावाचा पोटनियम अंगणापर्यंत पोहोचतो, शेतापर्यंत नाही. क्यूबेकमधील मका व सोयाबीनच्या पट्ट्यातून वाहणाऱ्या नद्यांत तणनाशकांचे अंश आढळतच राहिले. तेथे हात घालायला प्रांत सरकारलाच पुढे यावे लागले. २०१८ पासून अ‍ॅट्राझिनसारखी काही रसायने वापरण्यापूर्वी शेतकऱ्याला कृषितज्ज्ञाची लेखी शिफारस घ्यावी लागते.